सरकारी तारीख आणि खाजगी पावती



जिल्ह्याच्या बैठकीत दवाखान्याचा विषय निघाला की दोन भाषणे हमखास होतात. पहिला वक्ता उठतो आणि म्हणतो, सरकारी दवाखाने हे डॉक्टरांच्या पगारासाठी आहेत, रोग्यांसाठी नाहीत. टाळे लावा त्यांना. खाजगीत जा, पैसे मोजा, पाच मिनिटांत डॉक्टर तपासतो. मग दुसरा उठतो. तो म्हणतो, इंग्लंड बघा, कॅनडा बघा, तिथे एक छदाम न देता काळजाचे ऑपरेशन होते. तसे इथे करा. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडतात. दोघेही खाली बसतात, चहा येतो आणि विषय कापसाच्या भावाकडे वळतो.

मी ही दोन्ही भाषणे पुष्कळ वेळा ऐकली. दोघांपैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. तो प्रश्न असा की ज्याचे आतडे उतरले आहे, ज्याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे किंवा जिच्या गर्भाशयात गाठ आहे, त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ऑपरेशनच्या दिवसापर्यंत किती दिवस काढावे लागतात? आणि ते दिवस कशामुळे लागतात, डॉक्टर नाही म्हणून की पैसा नाही म्हणून?

सरकारी दवाखान्यात रोग्याला तारीख मिळते. खाजगीत मिळते पावती. तारखेची रांग दिसते. व्हरांड्यात माणसे बसलेली असतात, वहीत नावे असतात, वर्तमानपत्रवाला येऊन फोटो काढतो. पावतीची रांग मात्र कोणाला दिसत नाही, कारण ती दवाखान्यात नसते. ती घरात असते. कापूस घरात येईपर्यंत थांबू, चुकारा मिळाला की जाऊ, थोरल्या सोयऱ्याकडून काही उसने मिळते का पाहू, असे म्हणत जो माणूस हर्निया कमरपट्ट्याने बांधून दोन हंगाम फवारणी करतो, त्याचे नाव कोणत्या वहीत आहे? सरकारच्या हिशेबात तो थांबलेला नाही आणि खाजगी दवाखान्याच्या हिशेबात तर तो जन्मालाच आलेला नाही. म्हणून 'खाजगीत रांग नाही' हे वाक्य ऐकले की मला हसू येते. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला रांगेतून आधीच काढून टाकले, मग रांग दिसेल कशी?

हे मी मनाचे सांगत नाही. न्यूयॉर्कची कॉमनवेल्थ फंड ही संस्था श्रीमंत देशांतल्या लोकांना दर काही वर्षांनी असे प्रश्न विचारते. २०१६ साली तिने अकरा देशांतल्या लोकांना दोन गोष्टी विचारल्या. एक, तज्ज्ञ डॉक्टरची भेट मिळायला दोन महिने किंवा त्याहून जास्त लागले का? दुसरी, पैसा नाही म्हणून औषध, तपासणी किंवा डॉक्टर टाळावा लागला का? कॅनडात शंभरातल्या तीस जणांनी दोन महिने थांबल्याचे सांगितले, इंग्लंडात एकोणीस जणांनी आणि अमेरिकेत फक्त सहा जणांनी. एवढाच आकडा दाखवला तर पहिला वक्ता खूश होईल. बघा, खाजगी अमेरिका जिंकली! पण दुसऱ्या प्रश्नाला अमेरिकेत शंभरातल्या तेहतीस जणांनी होय म्हटले, पैशापायी इलाज टाळला. इंग्लंडात तसे म्हणणारे होते सात. म्हणजे अमेरिकेची रांग आखूड आहे ती रांगेतून तिसरा हिस्सा माणसे बाहेर राहिली म्हणून.

आणि जर्मनी? तिथे दोन महिने थांबलेले शंभरात तीन आणि पैशापायी टाळणारे शंभरात सात. दोन्हीकडे कमी. फुकट द्यायचे तर रांग लागणारच, रांग नको तर पैसे मोजावेच लागणार, अशी जी निवड आपल्यापुढे ठेवली जाते ती खोटी आहे, हे या एका देशाने दाखवून दिले आहे. तो कसे करतो ते पुढे येईल. आधी कॅनडाकडे जाऊ, कारण तिथली गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्यांनी घडवली आहे आणि आपल्याकडे ती कोणी सांगत नाही.

कॅनडात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. गव्हाचा मुलूख. त्याचा दक्षिण भाग पावसाला पारखा. विस्तीर्ण रान, लांब लांब वस्त्या, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. तिथे डॉक्टर टिकत नसे. का टिकेल? शेतकऱ्याजवळ पैसा येणार सुगीला आणि आजार येणार वर्षभर. १९१४ साली सार्निया नावाच्या एका ग्रामीण भागातला डॉक्टर गाव सोडून निघाला. तिथल्या पंचायतीने एक गोष्ट केली. सरकारकडे शिष्टमंडळ नेले नाही की निवेदन दिले नाही. जमिनीवर जो कर गोळा होत होता त्यातून डॉक्टरला वर्षाला पंधराशे डॉलर देऊ केले आणि सांगितले, तू राहा. तो राहिला. पंचायतीला असा खर्च करायचा अधिकार कायद्याने आहे का, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी, १९१६ साली, प्रांताच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून तो अधिकार दिला. गावकऱ्यांनी आधी काम केले, कायदा मागून आला. पुढे अनेक पंचायतींनी मिळून दवाखाने बांधले. अशा रीतीने डॉक्टर पगारावर ठेवणाऱ्या पंचायती शंभराच्या घरात गेल्या.

१९३० नंतर मोठा दुष्काळ पडला. माती उडून जाऊ लागली, आणि ज्यांच्या शेतात गहू पिकला त्यांनाही भाव मिळेना. १९३२ साली गव्हाचा भाव एका बुशेलला ३५ सेंटच्या आसपास आला, तो काही वर्षांपूर्वी डॉलरच्या वर होता. डॉक्टरची फी कोण देणार? अशा काळात शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या पाठिंब्यावर एक नवा पक्ष उभा राहिला आणि १९४४ साली प्रांतात त्याचे सरकार आले. मुख्यमंत्री झाले टॉमी डग्लस. या माणसाचा पाय लहानपणी हाडाच्या आजाराने जवळजवळ कापायची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट ऑपरेशन केले आणि पाय वाचला. डग्लस पुढे आयुष्यभर सांगत की आपला पाय वाचला तो नशिबाने, आणि आपल्या बापाजवळ पैसा असता तर नशिबाची गरज पडली नसती.

१९४६ च्या जुलैपासून प्रांताच्या कोरड्या पट्ट्यातल्या स्विफ्ट करंट भागाने स्वतःची योजना चालू केली. आधी लोकांचे मतदान घेतले. माणशी ठराविक वर्गणी आणि जमिनीवर कर, त्या बदल्यात भागातल्या प्रत्येकाला डॉक्टर आणि दवाखाना. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्या सबंध मुलखात अशी योजना पहिलीच. डॉक्टर पळून जातील असे शहरातले शहाणे सांगत होते. उलट तिथल्या डॉक्टरांची संख्या वाढली. कारण उघड आहे, बिल बुडायचे बंद झाले. १ जानेवारी १९४७ पासून सगळ्या प्रांतात दवाखान्यात भरती होण्याचा खर्च माणशी वर्षाला पाच डॉलरच्या वर्गणीत बसवला.

मग डॉक्टरांच्या फीचा नंबर आला, आणि तिथे खरी लढाई झाली. १ जुलै १९६२ ला कायदा लागू झाला त्याच दिवशी प्रांतातल्या डॉक्टरांनी संप पुकारला. डग्लस तेव्हा दिल्लीतल्यासारख्या मोठ्या राजकारणात, म्हणजे त्यांच्या ओटावात, गेले होते. मुख्यमंत्री होते वुड्रो लॉइड, पेशाने शिक्षक. संप तेवीस दिवस चालला. सरकारने इंग्लंडातून डॉक्टर आणले, लोकांनी वर्गण्या काढून आपले दवाखाने उघडले. शेवटी तडजोड झाली, आणि त्या तडजोडीकडे नीट बघा, कारण आपल्या वक्त्यांचे सगळे भांडण तिथे निकालात निघते. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. आपला दवाखाना, आपली खुर्ची, आपले गिऱ्हाईक, सगळे त्यांचेच राहिले. फक्त बिल रोग्याला द्यायचे नाही, सरकारी खात्याला द्यायचे. म्हणजे डॉक्टर खाजगी आणि पैसा सार्वजनिक! १९६६ साली देशाने तसा कायदा केला, १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले आणि १९८४ च्या कायद्याने रोग्याकडून वरचे पैसे मागणाऱ्या प्रांताचे अनुदान कापायची तरतूद झाली.

आता दुसऱ्या वक्त्याला न आवडणारी बाजू. कॅनडात आज रांग लांब आहे, फारच लांब. फ्रेझर इन्स्टिट्यूट नावाची एक संस्था डॉक्टरांना विचारून दरवर्षी आकडा काढते. ही संस्था खाजगीकरणाच्या बाजूची आहे, हे ध्यानात ठेवूनच तिचे ऐकावे. तिच्या हिशेबाने साध्या डॉक्टरने चिठ्ठी दिल्यापासून तज्ज्ञाचा इलाज होईपर्यंत १९९३ साली सुमारे नऊ आठवडे लागत, २०२४ साली तीस आठवडे लागले. आकडा थोडा फुगला असेल असे धरले तरी दिशा खरी आहे. साठ लाखांहून अधिक लोकांना घरचा डॉक्टरच नाही आणि डॉक्टरशिवाय तज्ज्ञाची चिठ्ठी नाही. ज्या सस्कॅचेवानने हे सुरू केले त्याच्याच खेड्यांतून आज डॉक्टर-नर्स नाहीत म्हणून तातडीचा विभाग अधूनमधून बंद ठेवावा लागतो. २००५ साली क्वेबेक प्रांताच्या प्रकरणात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांनी रांगेत नाव लागणे म्हणजे इलाज मिळणे नव्हे, अशा अर्थाचे म्हटले आणि खाजगी विम्यावरची त्या प्रांताची बंदी उठवली. पैसा सार्वजनिक केला, पण डॉक्टर तयार केले नाहीत, खाटा वाढवल्या नाहीत, मग रांग वाढणारच. बी-बियाण्याला पैसे दिले आणि विहीर खणलीच नाही तर ओलीत कसे होईल?

इंग्लंडची गोष्ट तशी वेगळी. तिथे ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन, खाणकामगाराचा मुलगा आणि स्वतः खाणीत राबलेला. त्याच्या ट्रेडेगार गावात खाणकामगार पगारातून काही पैसे काढून आपला डॉक्टर ठेवत असत, तेच त्याने देशाला लावले. पण मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना आत घ्यायचे म्हणून त्याने एक सवलत दिली. सरकारी काम करून त्यांनी खाजगी रोगीही बघावेत. ती सवलत आजपर्यंत चालू आहे. त्यामुळे असे होते की एकच सर्जन, सरकारी रांगेतून त्याच्याकडे जायचे तर कित्येक महिने आणि पैसे मोजून जायचे तर काही आठवडे. हात तोच, सुरी तीच. सकाळी सिव्हिलला सही आणि संध्याकाळी स्वतःच्या पाटीखाली, हे दृश्य आपल्याला नवे नाही. फरक इतकाच की त्यांच्याकडे ते लिखापढीने चालते.

तरी इंग्लंडकडून शिकण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे. ते रांग मोजतात, आणि दर महिन्याला छापतात. १९९८ साली रांगेत तेरा लाख लोक होते, काही जण दीड दीड वर्ष ताटकळलेले. निवडणुकीत तो विषय झाला. सरकारने २००२ साली विम्याची वर्गणी शेकडा एकने वाढवायची ठरवली, पैसा ओतला, खाजगी दवाखान्यांकडूनही ऑपरेशने विकत घेतली आणि प्रत्येक दवाखान्याला जाब विचारला. २००८ पर्यंत चिठ्ठीपासून इलाजापर्यंत अठरा आठवडे ही मर्यादा पाळली जाऊ लागली. मग २०१० नंतर हात आखडला. रोगी म्हातारे होत गेले, खर्च वाढत गेला आणि पैसा मात्र त्या मानाने वाढला नाही. शंभरातल्या ब्याण्णव जणांचा इलाज अठरा आठवड्यांत व्हावा असा त्यांचा नियम आहे, तो २०१६ पासून पाळता आलेला नाही. २०२० ची महामारी आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये रांगेतली प्रकरणे सत्त्याहत्तर लाखांवर गेली. रांग चढली, उतरली, पुन्हा चढली. ती का उतरली आणि का चढली हे तिथला शाळामास्तरही सांगू शकतो, कारण आकडा त्याच्यासमोर आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात हर्नियाच्या ऑपरेशनला किती दिवस लागतात? कोणाला विचारता? सांगणारा कोणी नाही, कारण मोजणारा कोणी नाही.

अमेरिकेबद्दल फार लिहीत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा १७ टक्क्यांहून अधिक हिस्सा ते दवाखान्यावर घालतात, इंग्लंड-कॅनडा ११-१२ टक्क्यांच्या आसपास. एवढे करून २०२३ साली तिथला माणूस सरासरी ७८ वर्षे जगतो आणि कॅनडाचा ८१ च्या वर. अडीच कोटींहून जास्त लोकांजवळ विमाच नाही. २०२२ साली त्यांच्या सरकारी खात्याने मोजले तेव्हा दवाखान्याची थकलेली देणी ८८ अब्ज डॉलर निघाली, आणि ती फक्त पत-नोंदीत चढलेली. २०१० पासून शंभराहून जास्त खेड्यापाड्यांतले दवाखाने बंद पडले, कारण तिथे नफा नाही. तिकडे कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात नवरा-बायकोपैकी एकजण शहरात नोकरी धरतो, पगारासाठी नव्हे, नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यासाठी. ज्याला आपण जगातला सगळ्यात मोठा शेतकरी समजतो त्याची ही गत.

जर्मनीत १८८३ पासून आजारपणाचा सक्तीचा विमा आहे. बिस्मार्कने आणला, आणि बिस्मार्क काही समाजवादी नव्हता. पगारदाराची वर्गणी पगाराच्या टक्क्याने, अर्धी मालकाची. शंभरातले नव्वद लोक त्यात. पण शेतकऱ्याला पगार कुठला आणि मालक कुठला? म्हणून १९७२ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करून वेगळी आरोग्य पेढी काढली. तिची वर्गणी शेतीच्या आकाराच्या आणि कसाच्या मानाने ठरते, आणि शेती मुलाच्या नावे करून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या इलाजाचा मोठा भार केंद्र सरकार उचलते. तरुण शेती सोडून चालले, म्हातारे उरले, त्यांची वर्गणी कोण भरणार, हा विचार त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी केला. दोष तिथेही आहेत. खाजगी विमेवाल्या दहा टक्क्यांना तज्ज्ञाची भेट लवकर मिळते कारण त्यांच्याकडून डॉक्टरला जास्त फी मिळते. त्यावर ओरड झाली तेव्हा २०१६ पासून एक यंत्रणा बसवली. चिठ्ठी घेऊन फोन करा, चार आठवड्यांच्या आत कोणत्यातरी तज्ज्ञाची वेळ मिळालीच पाहिजे.

ते श्रीमंत देश आहेत हो, आपले काय, असे कोणी म्हणेल. मग थायलंड घ्या. भात पिकवणारा देश. २००२ पर्यंत तिथे प्रत्येक नागरिकाला तीस बाटमध्ये इलाज, अशी योजना देशभर लागू केली. डॉ. सांगुआन नावाचा एक माणूस, जो स्वतः खेड्यातल्या दवाखान्यात राबलेला होता, तो वर्षानुवर्षे त्याच्या मागे लागला होता. पण योजनेच्या आधी तीस वर्षे त्यांनी तालुक्या-तालुक्याला दवाखाने बांधले आणि सरकारी पैशाने शिकलेल्या डॉक्टरला तीन वर्षे खेड्यात पाठवले. आधी दवाखाना, मग डॉक्टर, मग कार्ड.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी कार्ड. कार्डावर पुढाऱ्याचा फोटो. मग डॉक्टर असला तर असला.

महाराष्ट्राचा हिशेब मांडू. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले. विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले. पुढे पाच लाखांचे संरक्षण आणि सगळे रहिवासी, अशी घोषणा २०२३ साली झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळे फुकट केले. कागद वाचला तर आपण जर्मनीच्या पुढे आहोत. आता ग्रामीण रुग्णालयाची पायरी चढा. नियमाने तिथे चार तज्ज्ञ असायला हवेत, सर्जन, फिजिशियन, बाळंतपणाचा आणि मुलांचा. केंद्र सरकारचाच २०२१-२२ चा अहवाल सांगतो की देशभरच्या ग्रामीण भागात अशा ठिकाणी लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के कमी आहेत. पाचातले चार नाहीत! मग जो आहे तो काय करणार? चिठ्ठीवर 'रेफर' लिहिणार. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूर-औरंगाबादच्या मेडिकलला. प्रत्येक खेपेला एसटीचे तिकीट, सोबतच्या माणसाची मजुरी, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे. फुकट इलाजाची ही किंमत कोणत्याच योजनेत धरलेली नाही. कार्ड घेऊन खाजगीत गेलात तर भरती होणाऱ्या ठरलेल्या ऑपरेशनांना ते चालते. साखर, रक्तदाब, झटके यांच्या रोजच्या गोळ्यांना चालत नाही. आणि शेतकऱ्याचे घर धुऊन निघते ते बहुतेक वेळा या गोळ्यांनीच, हळूहळू.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यातल्या माणसाच्या एका वेळच्या भरतीचा खर्च काढला होता. सरकारी दवाखान्यात सरासरी सुमारे ४,३०० रुपये, खाजगीत सुमारे २७,३००. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४,३२० आणि संकरित ज्वारीचा १,७००. म्हणजे सरकारी दवाखाना एक क्विंटल कापूस आणि खाजगी दवाखाना सहा क्विंटलांच्या वर. ज्वारी लावणाऱ्याला सोळा क्विंटल. हमीभाव मिळाला असे धरून हा हिशेब आहे. तो किती जणांना मिळाला ते तुम्ही जाणता. कोरडवाहूत एकरी तीन-चार क्विंटल कापूस धरला तर एका भरतीत दोन एकरांचे सगळे उत्पन्न, खर्च वजा न करता, गेले. देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी २०२१-२२ साली ३९ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. सरकारांचा सगळा मिळून खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असे लिहिले होते.

थांबायला वेळ नसतो तेव्हा काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या फवारणीत पाहिले. शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने भरती झाले, वीसच्या आसपास दगावले. विष अंगात भिनले की तास मोजायचे असतात, आठवडे नव्हे. तालुक्याला फिजिशियन असणे म्हणजे काय, हे त्या घरांना विचारा.

खाजगीवाल्या मित्रांना एक सांगतो. तालुक्याच्या गावात जो डॉक्टर स्वतःच्या हिमतीवर दवाखाना टाकून रात्री-बेरात्री उठतो त्याच्याशी माझे भांडण नाही. तोही कर्ज काढून बसला आहे. भांडण आहे ते कटाशी. रोगी पाठवला की पाठवणाऱ्याला हिस्सा, तपासणी लिहिली की हिस्सा. बाजार समितीत अडत किती ते पाटीवर लिहावे लागते, इथे अडत्या कोण आहे तेच रोग्याला ठाऊक नसते. याला खुला बाजार म्हणायला माझी जीभ वळत नाही. खुल्या बाजारात गिऱ्हाईक भाव विचारते आणि पटला नाही तर पुढच्या दुकानात जाते. स्ट्रेचरवरचा माणूस कुठे जाणार?

आणि सरकारवाल्या मित्रांना हे. सगळे सरकारी करा म्हणून डॉक्टर खेड्यात येत नाही. जागा मंजूर आहे, पगार मंजूर आहे, खुर्ची रिकामी आहे. सार्नियाच्या शेतकऱ्यांनी पैसा आपल्या हातात ठेवला होता म्हणून डॉक्टर त्यांचे ऐकत होता. आपल्याकडे नेमणूक मुंबईहून, बदली मुंबईहून आणि रजा कोणाला ठाऊक कुठून.

आपल्या मुलखात असे काही झालेच नाही असेही नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर विमा चालवला. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते काम. सुगी झाली की घरटी ज्वारी गोळा करायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी, पण फुकट कोणालाच नाही. गावातल्या बहुतेक घरांनी भाग घेतला तरच योजना. अचानक आलेल्या आजाराला दवाखान्यात मोफत, आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना काही हिस्सा स्वतः भरायचा. ग्रामसभेत हिशेब. स्विफ्ट करंटने जे गव्हावर केले तेच हे ज्वारीवर. एक खरे सांगितले पाहिजे. ज्वारीने दवाखाना चालत नव्हता. तो चालत होता मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारच्या अनुदानावर. पण ज्वारी दिली म्हणून गावाला जाब विचारायचा हक्क आला. पैसा कधी मागायचा, तर शेतकऱ्याच्या हातात असतो तेव्हा, हेही त्या योजनेला कळले होते. आपले विमे जूनमध्ये हप्ता मागतात.

तेव्हा येत्या बैठकीत सरकारी की खाजगी यावर टाळ्या नकोत. ठराव असे हवेत. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या दारावर दर महिन्याला पाटी लागावी. मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशय, हाडे आणि सोनोग्राफी, प्रत्येकाला आज नाव लावले तर किती दिवस. चार तज्ज्ञांपैकी किती हजर, तेही त्याच पाटीवर. साठ दिवसांत तारीख देता आली नाही तर जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यात ते काम सरकारने आपल्या पैशाने करून द्यावे, रोग्याला मध्ये न घालता. तज्ज्ञाची जागा सहा महिने रिकामी राहिली तर तिचा पगार जिल्हा परिषदेच्या हाती द्यावा आणि तालुक्यातल्या खाजगी तज्ज्ञाला आठवड्याचे दिवस ठरवून बोलवायची मुभा द्यावी. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच महिन्याभराच्या मिळाव्यात, आठवड्याच्या नव्हे. मजुरी बुडवून चार खेपा घालायला लावणे हीही फीच आहे.

पाटी लागेपर्यंत आकडा आपण काढू. प्रत्येक तालुक्यातून एकाने माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात. तज्ज्ञांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, मागच्या बारा महिन्यांत दरमहा कोणती ऑपरेशने किती झाली, आणि किती रोगी कोणत्या कारणाने पुढे पाठवले. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते. आलेली उत्तरे, आणि उत्तर न आल्याच्या पोचपावत्या, दोन्ही पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.